आंबट मळी

मनुबाईनं भट्टीच्या दारातून वाकून आणखी एक वीट खाली उभ्या असलेल्या बनुबाईच्या हातात दिली आणि बजावून सांगितलं, "धाव्या थरातली हाय. धाव्यातच ठिव. इकडंतिकडं केलीस तर तुझी तू जाणं."

बनुबाईनं वीट नेऊन दहाव्या ओळीत ठेवली. फरशीवर अशा चौदा ओळी लागणार होत्या. थंड झालेल्या भट्टीची भिंत पाडायचं काम बायकांच्या टोळीकडं होतं आणि टोळीची मुकादम होती मनुबाई. विटा थरवार मांडायची पद्धत तिचीच. पाडलेल्या भिंतीतल्या विटा कारखाना बायकांनाच देऊन टाकायचा. चुलीला, न्हाणीला, तुळशीच्या कट्ट्याला त्या कामी यायच्या. पण वरच्या थरातल्या विटा धड निघायच्या आणि मधल्या थरांतल्या निम्म्याशिम्म्या, त्यामुळं पूर्वी कडाक्याची भांडणं व्हायची. एकदा तर दोघींनी एकमेकींच्या झिंज्या धरल्या होत्या. तेव्हापासून मनुबाईनं ठरवून टाकलं होतं: भिंत जशी उभी होती तशीच आधी फरशीवर मांडायची, मग प्रत्येकीनं प्रत्येक थरातल्या सारख्या विटा घ्यायच्या. वर कुणी चकार शब्द काढायचा नाही.

तिचा धाकटा भाऊ आकाराम हाताची घडी घालून हे बघत उभा होता. तो भट्टीचा मुख्य मिस्त्री. एरंडेल प्यायल्यासारखं तोंड झालं होतं त्याचं.

"छत्तीस," तो म्हणाला. "छत्तीस आदणांत भिंत गेली. मागची अडतीसला गेली. त्याच्या मागची चौतीसला."

"मला कशाला सांगतूस? त्या बी मीच पाडल्यात," मनुबाई आतून म्हणाली.

कराडहून विट्याला जाणाऱ्या रस्त्यालगतचा हा पोलादाचा कारखाना. शहात्तर साल चालू होतं. तीन टनांची विजेची भट्टी, वरून खाली सोडलेल्या तीन जाडजूड काळ्या कांड्या, कांड्यांतून वीज खेळायला लागली की आतलं भंगार दीड-दोन तासांत पाणी होऊन जायचं. ऑफिसातल्या कागदांवर भट्टीच्या एका खेपेला ‘हीट’ म्हणत, पण भट्टीवरची माणसं आदणच म्हणायची. सगळी गुऱ्हाळावरून आलेली. काहिलीत उसाचा रस उकळला की ते एक आदण, आणि भट्टीत पोलाद उकळलं की तेही आदणच. पोलादावर जी घाण वितळून तरंगते तिला ते मळी म्हणत, रसावरच्या मळीसारखीच. विष्णुपंतांनी, म्हणजे कारखान्याच्या मालकांनी, सुरुवातीला हे शब्द सुधारायचा प्रयत्न केला आणि महिन्याभरात हात टेकले.

आकाराम तर कृष्णाकाठचा नावाजलेला गुळव्या. त्याच्या हातचा गूळ कराडच्या पेठेत न चाखता उचलला जायचा. काहिलीतली काकवी नुसती बघून तो सांगायचा, आता उतरवा. विष्णुपंतांनी एकदा त्याला सहज भट्टीपाशी आणलं, डोळ्यांपुढं निळी काच धरायला दिली, आणि दोनच महिन्यांत तो पोलादाकडं बघून तेच सांगायला लागला. कधी चुकला नाही. तीन वर्षं झाली, पोलाद एक नंबरचं निघत होतं. भिंती तेवढ्या टिकत नव्हत्या.

काल विष्णुपंतांनी त्याला ऑफिसात बोलावून सांगितलं होतं. ओरडले नव्हते, म्हणून जास्त लागलं.

"आकाराम, दर दीड-दोन महिन्यांनी भट्टी बंद ठेवून भिंत बांधायची, हे परवडणारं नाही. पुढच्या भिंतीवर साठ हीट निघाल्या पाहिजेत. नाही निघाल्या तर मी बाहेरून मिस्त्री आणतो. तू मग यार्डात भंगार निवडायला जा."

"विटाच कच्च्या हायत, मालक."

"ते मी कंपनीला लिहिलंय. कडक पत्र लिहिलंय. पण साठ म्हणजे साठ."

भंगार निवडायला. ज्याच्या शब्दाखातर लोक उकळती काहील उतरवायचे त्यानं मातीतले खिळे वेचत बसायचं. रात्री आकाराम जेवलाच नाही.

मनुबाई भट्टीतून उतरली. पदरानं तोंड पुसलं, कमरेवर हात ठेवून आपल्या ओळींकडं बघितलं. मग दहाव्या ओळीतली एक वीट उचलून भावाच्या हातात दिली. मुळात नऊ इंच लांब असलेली ती वीट तीन इंच उरली होती.

"हात फिरव," ती म्हणाली.

"काय हात फिरव?"

"फिरव तर. गुळगुळीत हाय का न्हाई? ही फुटल्याली न्हाई रं. खाल्ल्याली हाय."

"कच्ची वीट झिजणारच."

"मंग ही का न्हाई झिजली?" तिनं पायानंच पहिली ओळ दाखवली. तिथल्या विटा जवळजवळ कोऱ्या होत्या. "एकाच गाडीतनं आल्यात सगळ्या. म्याच उतरून घेतल्यात. कंपनीनं काय मधल्या चार थरांपुरत्या कच्च्या विटा येगळ्या बांधून धाडल्या व्हय?"

"वर आच कमी लागती."

"आनि खाली? तेराव्या-चौदाव्याला तर पोलाद टेकतंय. त्या बी धड हायत. नव्यापास्नं बाराव्यापातूर तेवढ्या गेल्यात." ती जरा थांबली. "कल्हई गेलेल्या पितळीत ताक ठिवलं तर पितळी कुठवर कळकती? ताक हाय तिथवरच ना? तुझ्या भट्टीत नव्यापास्नं बाराव्यापातूर काय असतंय, ते तूच सांग."

आकारामला सांगायची गरज नव्हती. पोलादावर मळी तरंगते ती बरोबर तेवढ्याच उंचीवर.

"मळी आंबट हाय म्हनतीस?"

"मी कशाला म्हनू? त्यो सांगलीचा मानूस म्हनत व्हता. तू त्याला बोलू कुठं दिलंस?"

सांगलीचा माणूस म्हणजे नारायणराव, वीट कंपनीचा एजंट. कंपनीनं तक्रारीची चौकशी करायला त्याला चार दिवसांपूर्वी पाठवलं होतं. बारीक अंगाचा, धोतर नेसणारा, बोलताना चष्मा पुसत राहणारा गृहस्थ. त्यानं मळीचा एक थंड झालेला खडा उचलून उन्हात धरला होता, तो काचेसारखा काळा चमकत होता. "मिस्त्री, ही मळी आंबट आहे," तो म्हणाला होता. "तुमच्या भंगारात माती आहे, गंज आहे. अशा मळीला चुना लागतो. तुम्ही वेळेवर दिला नाहीत तर ती विटेतून ओढून घेते, कारण आपली वीट जातीनं चुन्याच्याच गोतातली." त्यावर आकारामनं सगळ्यांसमोर एक वीट त्याच्या पायाशी आपटली होती आणि म्हणाला होता, "असल्या विटांनी आमच्यात उकिरड्याला बी कुंपन घालत न्हाईत. चुना कवा घालायचा त्ये आमाला शिकवू नगा." माणसं हसली होती. नारायणरावानं चष्मा डोळ्यांवर चढवला होता आणि तो निघून गेला होता.

"आक्का, तू विटा उचल. भट्टीचं मी बघतो," आकाराम आता म्हणाला.

"बघ बाबा. डोळं उघडून बघ म्हंजे झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधीच तो आला. चौदा ओळी तशाच होत्या. बायका वाटणी दुपारी करणार होत्या. तो ओळींच्या कडेनं पहिल्यापासून चौदाव्यापर्यंत चालत गेला. नवव्यापाशी विटा एकदम आखूड व्हायच्या आणि तेराव्यापाशी पुन्हा लांब. कांड्यांसमोरच्या तीन जागी तर दोन इंचांच्या चकत्याच उरल्या होत्या. तिथं आच थेट भिंतीवर येते, हे त्याला ठाऊक होतं. पण बाकीच्या भिंतीवर तर आच येत नव्हती. तिथं काय होतं? मळी. आणि मळीत काय होतं?

तो नवव्या ओळीपाशी उकिडवा बसला.

रसात चुना कधी घालायचा, हे त्याला बापानं शिकवलं होतं. रस तापू द्यायचा, पहिली मळी वर येऊ द्यायची, ती काढायची, आणि मग इतरांकडं पाठ करून, आपलं माप कुणाला दिसणार नाही असं, चिमटीचिमटीनं चुना सोडायचा. चिमूटभर जास्त झाला की गूळ काळा पडतो आणि गुळव्याचं नाव जातं. हाच हात घेऊन तो भट्टीवर आला होता. इथंही तो भंगार पुरतं वितळू द्यायचा, मळी नीट धरू द्यायचा, आणि मग पाठ करून फावड्यानं जपून जपून चुना टाकायचा. तोवर दीड तास झालेला असायचा. दीड तास ती गंजामातीची मळी बिनचुन्याची उकळत बसायची आणि भिंत खायची.

रसाला चुना जास्त झालेला चालत नाही. भट्टीला कमी झालेला चालत नव्हता, उशिरा दिलेला तर नव्हताच नव्हता. एवढी साधी गोष्ट. ज्या हाताचं त्यानं जन्मभर कौतुक ऐकलं त्याच हातानं वीस भिंती खाल्ल्या होत्या. आकारामला लाज वाटली. अशी की कानशिलं गरम झाली आणि कुणी बघत नसतानाही त्यानं मान खाली घातली. आता हे सांगायचं कुणाला आणि कुठल्या तोंडानं?

त्यानं कुणालाच सांगितलं नाही.

आठवड्यानं विटांची नवी गाडी आली. विष्णुपंतांच्या पत्राला मान देऊन कंपनीनं ही खेप फुकट पाठवली होती. विष्णुपंत स्वतः गाडीपाशी उभे राहिले, वीट हातात तोलली, बोटानं वाजवून बघितली. "बघ, आवाजच वेगळा आहे," ते म्हणाले. आकारामनंही एक वाजवून बघितली. आवाज होता तोच होता. तो म्हणाला, "व्हय, मालक."

भिंत उभी राहिली. पहिल्या आदणाला यार्डातून भंगाराची बादली आली, तेव्हा आकाराम म्हणाला, "थांब. आदी बुडाला चुना टाका. तीन पोती."

गुंडा, त्याचा हाताखालचा गडी, बघतच राहिला. तोही गुऱ्हाळावरचाच.

"आदनाच्या आदीच? आनि तीन पोती? मिस्त्री, गूळ काळा पडंल."

"पोलाद काय गूळ हाय व्हय?"

"तुमीच म्हनायचा की, हात आखडून टाका म्हनून."

"आता म्हनतोय, सैल सोडून टाका. नव्या भिंतीचा तळ गार ऱ्हातो त्यानं." ही शुद्ध थाप होती. "टाक म्हनलं की टाकावं गड्या, लय इचारू नये."

कोपऱ्यात पाट्या रचत असलेल्या मनुबाईनं हे ऐकलं. ती गालातल्या गालात हसली आणि काही बोलली नाही. बहिणीचे एवढे उपकार आकारामनं मनातल्या मनात मान्य केले.

भंगार वितळायला लागलं. आकारामनं निळी काच डोळ्यांपुढं धरली. एरवी या वेळेला मळी पातळ आणि काळी, भिंतीला सपासप चाटत असायची. आज ती दाट होती, संथ होती, दुधावरच्या साईसारखी जागच्या जागी बसून होती. त्यानं लोखंडी सळई बुडवून बाहेर काढली. सळईवरची मळी थंड झाली तेव्हा ती चमकली नाही. राखाडी, खडबडीत, दगडासारखी दिसली. त्यानं तो खडा चपलेखाली रगडून बघितला आणि कुणाला न दाखवता खिशात टाकला.

अजून एक गोष्ट त्यानं बदलली. भंगार वितळून सपाट झालं की पूर्वी तो कांड्या तशाच रणरणत ठेवायचा, काम लवकर उरकावं म्हणून. पण आड येणारं भंगार संपलं की ती आच सगळी भिंतीवर जायची. आता तो वेळ बघून आच कमी करायचा. आदणाला दहा मिनिटं जास्त लागत. गुंडा कुरकुरायचा. आकाराम म्हणायचा, "दहा मिन्टांनी तुझी एस्टी चुकत न्हाई."

भट्टीजवळच्या फळ्यावर रोज खडूनं आकडा चढत होता. तीस झाले, तशी माणसं आदण ओतून झालं की दारातून आत डोकावायला लागली. छत्तीस झाले. सदतिसाव्याला सगळ्यांनी फळ्याकडं दोनदा बघितलं. पंचेचाळिसाला विष्णुपंत स्वतः आले, निळी काच डोळ्यांपुढं धरून बराच वेळ आत बघत राहिले आणि जाताना म्हणाले, "पत्र चांगलंच लागू पडलं म्हणायचं." पन्नासाव्याला गुंडानं स्वतःच्या पैशानं भजी आणली.

अठ्ठावन्नाव्या आदणाला, दुपारी, गुंडा धावत आला. "मिस्त्री, पत्रा लाल झालाय."

दुसऱ्या कांडीसमोर भट्टीच्या बाहेरच्या पत्र्यावर भाकरीएवढा लाल डाग उमटला होता. याचा अर्थ सगळ्यांना कळत होता. आतली वीट तिथं संपत आली होती. पोलाद बाहेर आलं तर भिंत तर जाणारच, खालचे दोन गडीही जातील. आणि फळ्यावर अजून अठ्ठावन्नसुद्धा लागले नव्हते. आकारामनं एकदा फळ्याकडं बघितलं. दोन आदणांसाठी भंगाराच्या ढिगावर जायचं.

"वीज बंद. वतून घ्या आदी," तो म्हणाला.

पोलाद ओतून घेतलं, वाकडी केलेली भट्टी सरळ केली, दार उघडलं. आत भिंत लालबुंद होती आणि कांडीसमोर पाटीएवढा खड्डा पडला होता. डोलोमाईटची, म्हणजे चुन्याच्याच जातीच्या दगडाची, भुकटी अशा खड्ड्यात बसते, पण भिंत लाल असेपर्यंतच. जरा निवली की घसरून खाली येते. आकारामनं ओलं पोतं डोक्यावरून पांघरलं आणि फावडं हातात घेतलं.

"आक्का, पाट्या."

मनुबाईनं पाटी आणून टेकवली, तोवर तिच्या मागून बनुबाई दुसरी घेऊन आली. बायकांनी आपण होऊनच रांग लावली. आकाराम फावडं भरायचा, दारापाशी दोन पावलं जायचा, फेकायचा, मागं यायचा. भुकटी नेमकी खड्ड्यातच पडत होती. डोक्यावरचं पोतं दर चार फावड्यांना वाळायचं आणि मनुबाई त्यावर तांब्यानं पाणी ओतायची. गुंडा म्हणाला, "मी टाकतो आता." आकारामनं मानही वळवली नाही. साठ-सत्तर फावडी झाली. खड्डा भरला, वर मेण लावल्यासारखा सपाट दिसायला लागला. पत्र्यावरचा डाग काळपट तांबडा झाला, मग तपकिरी, मग नाहीसा.

"चुना टाका बुडाला," आकाराम म्हणाला आणि मटकन खाली बसला. त्याच्या भुवया जळल्या होत्या.

"तुझं थोबाड भाजल्याल्या वांग्यावानी झालंय," मनुबाई म्हणाली.

"आकडा लिव म्हनावं गुंडाला," तो म्हणाला.

दोन दिवसांनी फळ्यावर साठ लागले. मग एकसष्ट लागले, तेव्हा आकाराम नळावर तोंड धुवायला गेला आणि तिथं त्याला रडू आलं. त्यानं ते येऊ दिलं. कुणी पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तरी त्या दिवशी त्याला त्याचं काही वाटलं नसतं.

त्यानंतर आकडा थांबायलाच तयार होईना. सत्तर, ऐंशी, शंभर. शंभराला सांगलीकडच्या दोन कारखान्यांतून माणसं बघायला आली. एकशे बाराव्या आदणाला विष्णुपंतांनी ठरवलं, आता थांबायचं, जास्त हाव नको. भट्टी दोन दिवस निवू दिली. सोमवारी सकाळी नारळ, हार, पेढे, विट्याहून फोटोग्राफर असा सगळा थाट मांडला. नारायणरावालाही मुद्दाम पत्र पाठवून बोलावून घेतलं. तो एका कडेला छत्री धरून उभा होता.

मनुबाई नारळ फुटल्यावर लगेच पहार घेऊन भट्टीत उतरली. भाषणं ऐकायला तिला वेळ नव्हता.

विष्णुपंतांनी आकारामच्या गळ्यात हार घातला. माणसांनी टाळ्या वाजवल्या, गुंडानं शिट्टी मारली. आकारामचा ऊर भरून आला होता.

"आपला मिस्त्री पहिल्या दिवसापासून सांगत होता, विटा कच्च्या आहेत," विष्णुपंत बोलायला लागले. "तो बरोबर होता. मी एक पत्र टाकलं आणि कंपनी सुतासारखी सरळ आली. चांगल्या विटा दिल्या, भिंत तिप्पट टिकली. याचाच अर्थ आधीची तीन वर्षं यांनी आपल्याला कच्चा माल दिला. नारायणराव, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमच्याशी व्यवहार बंद. हे त्याचं पत्र. कंपनीला पोचवा."

नारायणरावानं पत्र घेतलं. जे सांगायचं ते त्याचं एकदा सांगून झालं होतं. त्यानं चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसत राहिला.

आकारामच्या हातात पेढा होता. तो गप्प बसला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. हार गळ्यात होता, जागा पक्की होती, आणि वर तोच बरोबर होता असं मालक चारचौघांत सांगत होते. एवढं सगळं फुकट मिळत होतं. पण त्या चष्मा पुसणाऱ्या माणसाकडं बघवत नव्हतं हे एक, आणि दुसरं म्हणजे, खरं सांगायचं तर, त्याला भलताच राग आला होता. एकशे बारा आदणं. भुवया जाळून काढलेली एकशे बारा आदणं. आणि नाव कुणाचं, तर एका कागदाचं.

"मालक," तो म्हणाला. "विटा तवाच्या बी चांगल्याच व्हत्या."

"काय?"

"पत्रानं काय बी झालं न्हाई. विटा त्याच हायत."

"मग आधीच्या भिंती कुणी खाल्ल्या?"

"म्या."

फोटोग्राफरनं काळ्या कापडाखालून डोकं बाहेर काढलं.

"चुना उशिरा टाकत व्हतो," आकाराम म्हणाला. आवाज त्याला वाटला होता त्याहून मोठा निघाला. "गुळावानी. हात आखडून, चिमटीचिमटीनं. मळी आंबट ऱ्हायची आनि भिंत खायची. नारायणराव सांगत व्हते, तर म्या त्यास्नी चारचौघांत घालून पाडून बोललो. या भितीला बुडालाच चुना टाकला पैल्यापास्नं, म्हनून टिकली. तळ गार ऱ्हातो म्हनून सांगितलं त्ये खोटं व्हतं, गुंडा."

गुंडानं मान हलवली, जणू त्याला हे ठाऊकच होतं. नव्हतं.

विष्णुपंतांचा चेहरा हळूहळू लाल झाला. "तीन वर्षं," ते म्हणाले. "वीस भिंती."

"व्हय."

"आणि मी तुझ्या शब्दावर पत्रं लिहीत होतो."

"व्हय, मालक."

"आणि हे तुला कधी कळलं?"

"भित बांधायच्या आदी आठ दिस."

नारायणरावानं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि कामाचंच विचारावं तसं विचारलं, "आता किती घालता?"

"तीन पोती बुडाला. मळी धरली की वर एक."

"पुस्तकात यापेक्षा कमी सांगितलाय."

"पुस्तक लिवनाऱ्यानं आमचं भंगार बघितलं नसंल."

नारायणराव विचार करून म्हणाला, "नसेल." आणि प्रथमच हसला.

विष्णुपंत मात्र हसले नाहीत. ते काहीतरी बोलणार, तेवढ्यात भट्टीच्या दारातून मनुबाईचं डोकं वर आलं.

"भित पाडायला कुनी सांगितली?" तिनं विचारलं.

"मी सांगितली," विष्णुपंत म्हणाले. "का?"

मनुबाईनं पहार बाजूला टेकवली, पदर खोचला आणि दोन्ही हातांनी धरलेली एक वीट घेऊन ती खाली उतरली. सरळ मालकांपुढं येऊन उभी राहिली.

"धाव्या थरातली हाय. सगळ्यात पैली जी खाल्ली जाती, त्यातली. मोजा."

गुंडानं पट्टी पुढं केली. विष्णुपंतांनी वीट मोजली. मग उलटी करून पुन्हा मोजली.

"साडेपाच इंच," ते म्हणाले.

"छत्तीस आदनांत तीन उरत व्हती. हितं एकशे बारांत साडेपाच हायत," मनुबाई म्हणाली. "आजून चाळीस-पन्नास आदनं कुठं जात न्हाईत. कांड्यांसमोर तेवढं लिपून घ्या. धडधाकट भित पाडायचं पाप आमच्या टोळीकडनं व्हायाचं न्हाई, मालक. दुसऱ्या बायका बघा."

विष्णुपंत वीट हातात घेऊन उभे राहिले. त्यांनी आकारामकडं बघितलं, नारायणरावाकडं बघितलं, पुन्हा विटेकडं बघितलं. मग नारायणरावापुढं हात केला. नारायणरावानं पत्र परत दिलं. विष्णुपंतांनी ते चार घड्या करून कोटाच्या खिशात घातलं.

"बाई, ही जिथली तिथं बसवा," ते म्हणाले.

मग ते आकारामपाशी आले. अगदी समोर उभे राहिले. हाराला हात लावला, काढून घेणार असं वाटलं. पण तो नुसता सरळ केला.

"तुझं काय करायचं," ते म्हणाले, "ते ही भिंत पडल्यावर बघतो."

आकारामनं पेढा तोंडात टाकला, चावून गिळला.

"मंग लय दिस थांबावं लागंल, मालक," तो म्हणाला, आणि मागं वळला. "गुंडा, भंगार घे. आदी चुना."